रेडिओ मिर्ची एफएमचं मुंबईचं ९८.३ आणि कोल्हापूरचं ९८.३ एकच स्टेशन आहे का?

नाही. नाव, मालक आणि आकडा एकच. टॉवर मात्र वेगळा आणि लायसन्सही वेगळं. मुंबईहून निघालेल्या गाडीत मिर्ची घाटात ऐकू यायची बंद होते आणि कोल्हापुरात वेगळ्याच आरजेसकट पुन्हा लागते. मधे पुण्यात लागते, ते तिसरं स्टेशन.

एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते. अँटेना जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढून ४.१२ने गुणा, की लहर किती किलोमीटर पोचेल ते मिळतं. १०० मीटरला ४१. रिसीव्हर उंचावर असेल तर थोडं जास्त, मधे डोंगर आला की कमी. मीडियम वेव्ह जमीन धरून लांब जाते, म्हणून सांगली आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ कोल्हापुरातही लागायचं. एफएमला ते जमत नाही, त्यामुळे तोच आकडा लांबच्या शहराला बिनधास्त देता येतो. एकाच आकड्याची दोन स्टेशनं पोचली तरी रेडिओ जोरकस असेल तेच धरतो. दोन्ही सारखीच असली की चालत्या गाडीत क्षणात हे, क्षणात ते.

आता शहरागणिक लायसन्स का? १९९३पासून आकाशवाणी मुंबई-दिल्लीत आपल्या एफएमवरचा वेळ खासगी कंपन्यांना विकायची. १९९८ला ते करार वाढवले नाहीत. पुढे फ्रिक्वेन्सींचा शहरवार लिलाव झाला, जुलै २००१ला बंगळुरूत पहिलं खासगी स्टेशन आलं, २००२ला मुंबईत. पण फी ठरलेली, वर दरवर्षी १५ टक्के वाढ, म्हणजे पाच वर्षांत दुप्पट. जाहिराती त्या वेगानं वाढणार कुठून? मुंबईतसुद्धा स्टेशन बंद पडलं. या हिशेबात कोल्हापूरसारखं शहर परवडलंच नसतं.

२००५च्या धोरणात एकदाच प्रवेश फी आणि मग ढोबळमानानं उत्पन्नाच्या ४ टक्के अशी रचना झाली, तेव्हा कुठं लहान शहरांचं गणित जमलं. कोल्हापूरची मिर्ची आणि ‘पुढारी’ वृत्तपत्राचं ९४.३ टोमॅटो एफएम याच फेरीतले. कोल्हापुरात रेडिओ सिटी २०१५च्या लिलावातून आलं. एकच कार्यक्रम अनेक शहरांत लावायला आधी फक्त लहान शहरांपुरती मुभा होती, २०११च्या धोरणानं ती वाढवली. म्हणून नाव कोल्हापूरचं असलं तरी एखादा कार्यक्रम बाहेरून येऊ शकतो. स्वतःच्या बातम्या मात्र कुठल्याच खासगी स्टेशनला लावता येत नाहीत. लावायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा.

घरी खरखर असेल तर ७५ला फ्रिक्वेन्सीनं भागा, तेवढ्या मीटरची वायर अँटेनाला जोडून खिडकीत सरळ उभी सोडा: ९८.३ला ७६ सेंटीमीटर, ९४.३ला ८०. मोबाइल चार्जर आणि एलईडी बल्बपासून लांब ठेवा. तरीही खरखरलं तर स्टिरिओचं बटण मोनोवर करा, बराच फरक पडतो.