१९८०च्या दशकातील कोणती जपानी स्पोर्ट बाइक दुर्लक्षित राहिली आणि ती चालवायला कशी आहे?

तुम्ही ब्रिटनमध्ये राहता, १९८०च्या दशकातील एखादी जपानी स्पोर्ट बाइक घेण्याचा तुमचा विचार आहे आणि ज्याला विचारावे तो सुझुकी जीएसएक्स-आर७५० चेच नाव घेतो; तेव्हा त्या तोडीची, पण फारशी चर्चेत नसलेली गाडी कोणती, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर यामाहा एफझेड७५० असे आहे. ही गाडी मी इथेच, इंग्लंडमध्ये, बरीच वर्षे बाळगून आहे, त्यामुळे लिहिण्यात थोडा पक्षपात डोकावला तर चालवून घ्यावा. भारतात एफझेड म्हटले की २००८ पासून विकली जाणारी दीडशे सीसीची गाडी डोळ्यांसमोर येते; तिचा आणि हिचा संबंध नावातील दोन अक्षरांपुरताच आहे.

यामाहाने ही गाडी १९८४ च्या कोलोन येथील प्रदर्शनात दाखवली आणि १९८५ मध्ये बाजारात आणली. ७४९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन, त्यातील प्रत्येक सिलिंडरला तीन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट असे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस. जाहिरातींनी सारा गाजावाजा या वीस व्हॉल्व्हचा केला आणि लोकांच्याही तेवढेच लक्षात राहिले. माझ्या मते खरी गंमत वेगळ्याच ठिकाणी आहे. या इंजिनाचे सिलिंडर ४५ अंशांनी पुढे झुकवलेले आहेत. त्यामुळे कार्बोरेटर मागे अडचणीत न बसता थेट वर आले आणि हवा-पेट्रोलाचे मिश्रण जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरून सिलिंडरमध्ये शिरू लागले. आता कार्बोरेटरच्या वर एअर फिल्टरची पेटी ठेवायची तर टाकीची जागा जाणार. म्हणून जिथे आपण पेट्रोल आहे असे समजतो त्या भागात पुढच्या बाजूला ती पेटी आहे आणि पेट्रोल मागे, सीटच्या दिशेने खाली उतरलेल्या टाकीत आहे. इतक्या खालून पेट्रोल आपोआप वर चढत नाही, म्हणून विजेवर चालणारा पंप दिला आहे. थंड गाडीची किल्ली फिरवली की तो पंप टिकटिकत राहतो, कार्बोरेटर भरले की गप्प होतो, आणि मगच स्टार्टर दाबावा.

चालवताना जे काही जाणवते त्यातील बरेचसे या एका झुकावातून आलेले आहे. इंजिनाचा भार पुढे आणि खाली आहे, पेट्रोलही खाली आहे. त्यामुळे कोरडे, म्हणजे पेट्रोल-तेलाशिवायचे, वजन २०९ किलो असूनही गाडी चालू लागली की ते जड वाटत नाही, आणि भरलेली टाकी व रिकामी टाकी यांत वळणावर फारसा फरक पडत नाही. पुढचे चाक १६ इंची आहे, जी त्या काळची फॅशनच होती. अशा चाकामुळे गाडी वळणात चटकन शिरते, पण वळणातच पुढचा ब्रेक दाबला तर झुकलेली गाडी सरळ होऊ पाहते. या खोडीची सवय करून घ्यावी लागते. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, नंतर ब्रेक सोडून गाडी झुकवायची आणि झुकलेली असतानाच हलकेच रेस देत राहायचे. असे केले की ती रुळावरून गेल्यासारखी जाते. वळणाच्या मधेच मार्ग बदलण्यासाठी तिच्याशी झटापट करू नये, ते तिला आवडत नाही.

पण या गाडीच्या प्रेमात माणूस पडतो तो इंजिनामुळे. त्या काळातील ७५० सीसीच्या बहुतेक स्पोर्ट बाइक इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा सात-आठ हजारांवर गेल्याशिवाय जाग्या होत नसत. ही मात्र साडेतीन-चार हजारांपासूनच ओढू लागते. गावातून बाहेर पडताना सहाव्या गिअरमध्ये रेस दिली तरी ती कुरकुरत नाही. पुढे काटा सात हजारांच्या आसपास आला की छातीखालून, म्हणजे त्या एअर फिल्टरच्या पेटीतून, एक खोल घोगरा आवाज सुरू होतो आणि साडेदहा हजारांपर्यंत, जिथे तिचे कमाल १०६ हॉर्सपॉवर आहेत, तो चढतच जातो. मागच्या सायलेन्सरपेक्षा हाच आवाज चालवणाऱ्याला अधिक ऐकू येतो. त्यात कुठेही झटका नाही, ताकद सलग वाढत जाते. जीएसएक्स-आरवर सतत गिअर बदलत राहण्यात मजा आहे. हिच्यावर एक गिअर धरून तीन-चार वळणे सलग काढण्यात.

मग ती मागे का पडली? जीएसएक्स-आरही त्याच वर्षी आली आणि तिचे कोरडे वजन होते १७६ किलो. ॲल्युमिनियमच्या चेसिसच्या त्या गाडीपुढे लोखंडी चौकोनी नळ्यांची यामाहा कागदावर हरली. शर्यतीच्या सर्किटवर तेहतीस किलोंनी फरक पडतो हे कोणीही मान्य करील, परंतु रस्त्यावर पडतो तो त्या मानाने फार थोडा. त्यानंतर घरच्यांनीच घात केला: १९८७ मध्ये यामाहाने डेल्टाबॉक्स नावाच्या ॲल्युमिनियमच्या चेसिसची एफझेडआर१००० आणली आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. अमेरिकेत तर ७०० सीसीवरील आयात मोटरसायकलींवर जबर कर असल्याने १९८७ मध्ये हीच गाडी आकसून एफझेड७०० या नावाने विकावी लागली.

शर्यतींतही नशीब असेच अर्धवट निघाले. १९८५ च्या जपानमधील सुझुका आठ तासांच्या शर्यतीत केनी रॉबर्ट्स आणि तादाहिको ताइरा यांची याच इंजिनावर आधारलेली गाडी आघाडीवर असताना शेवटच्या अर्ध्या तासात बंद पडली, आणि जपानमध्ये आजही जिंकणाऱ्यांइतकीच आठवण त्या हरण्याची निघते. पुढच्या वर्षी एडी लॉसन याने एफझेड७५०वर अमेरिकेतील डेटोना २०० ही शर्यत जिंकली. १९८७ मध्ये व्हर्जिनियो फेरारी मोटरसायकलींच्या टीटी फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तो बिमोटा या इटालियन कंपनीच्या वायबी४ वर, आणि तिच्यात इंजिन हेच होते. १९८८ च्या पहिल्या सुपरबाइक विश्वविजेतेपदात यामाहावरील फाब्रिझिओ पिरोव्हानो दुसरा आणि बिमोटावरील दाविदे तार्दोझी तिसरा आला. दोघांच्याही खाली हेच इंजिन.

घेताना इंजिनाची धास्ती बाळगू नका, तेल वेळेवर बदललेले असेल तर ते फार टिकाऊ आहे. टाकीचा खालचा भाग मात्र आतून टॉर्च मारून पाहा, कारण पाणी तिथेच साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो. गंजाचा चुरा पंपात आणि तिथून कार्बोरेटरमध्ये गेला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीकडे बघत वाढतो. वीस व्हॉल्व्हचे अंतर तपासणे हे वेळखाऊ काम आहे, म्हणून मालकाकडे त्याची पावती मागाच. १६ इंची टायर अजून मिळतात, पण निवड मोजकी आहे. शेवटच्या काही वर्षांच्या गाड्यांना पुढे १७ इंची चाक होते, तेव्हा तशी मिळाली तर सोयीचे. आणि पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन कसे सुरू होते यावरून कार्बोरेटरची खरी अवस्था कळते.