इंग्रजीतल्या ‘चेंज’ला जर्मनमध्ये नेमकं कोणतं क्रियापद वापरायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लातूरला नर्सिंग केलंय, जर्मनचा बी१ (मधला स्तर) चालू आहे आणि क्लासमध्ये इंग्रजी वाक्यांचं जर्मन करायला देतात. ‘चेंज’ आलं की शब्दकोशात डझनभर क्रियापदं दिसतात. त्यातलं सगळीकडं खपून जाईल असं एखादं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. सगळीकडं खपेल असं एकही नाही. पण डझनभर पाठही करू नका. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत जर्मन-इंग्रजी तांत्रिक भाषांतराचं काम करतो आणि संध्याकाळी काही मुलांना शिकवतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून नर्सिंगच्या मुली जास्त यायला लागल्या. त्यांना मी एकच प्रश्न विचारायला लावतो: बदलल्यावर जुन्याचं काय झालं?

जुनं काढून टाकलं आणि त्याच जातीचं दुसरं त्या जागी आलं, तर ‘वेक्सल्न’. वस्तू तीच राहिली, फक्त तिच्यात फरक पडला, तर ‘एन्डर्न’. निम्मा घोळ इथंच मिटतो.

शर्टाचं बघा. ‘हेम्ट वेक्सल्न’ म्हणजे घामेजलेला शर्ट काढून दुसरा घातला. ‘हेम्ट एन्डर्न’ म्हणजे शर्ट तोच, पण शिंप्याकडून कंबरेत आवळून घेतला. जर्मन गावांमध्ये ‘एन्डरुंग्सश्नायडराय’ अशा पाट्यांची दुकानं असतात, तिथं कपडे उसवून लहान-मोठे करून देतात. आमच्या कारखान्यातही असंच. ‘वी चेंज्ड द ड्रॉइंग’ एवढंच इंग्रजीत लिहून आलं की मला फोन उचलावा लागतो. ड्रॉइंगमध्ये माप दुरुस्त केलं, की मशीनवर लावलेला कागद काढून दुसऱ्याच भागाचा लावला? पहिलं ‘गेएन्डर्ट’, दुसरं ‘गेवेक्सल्ट’. इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही, पण चुकीच्या मापाचे शंभर तुकडे निघाले की सगळ्यांनाच वाटतं.

आता तुमच्या वॉर्डात या. ड्रेसिंग बदललं: जुनी पट्टी कचऱ्यात, नवी जखमेवर, म्हणून ‘फेअरबांट वेक्सल्न’. सलाइनची बाटली, चादर, हातमोजे, सगळं वेक्सल्न. गोळीचा डोस बदलला: गोळी तीच, प्रमाण वेगळं, म्हणून ‘डोझिस एन्डर्न’. पेशंटनं डॉक्टर बदलला, तर तोही वेक्सल्न. तान्ह्या बाळाचं लंगोट बदलण्याला मात्र जर्मन लोकांनी वेगळंच क्रियापद ठेवलंय, ‘विकल्न’. मूळ अर्थ गुंडाळणं.

सहकारी नर्सला ‘माझी नाईट तू कर, तुझी मॉर्निंग मी करते’ म्हणायचं असेल तर वेक्सल्न नको. तिथं ‘ताउशन’, म्हणजे अदलाबदल. दोघींकडं काहीतरी आहे आणि दोघी ते एकमेकींना देतात. ‘क्योनन व्हीर डेन डीन्स्ट ताउशन?’ हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा, पहिल्याच महिन्यात लागेल. त्यालाच ‘उम’ जोडून ‘उमताउशन’ केलं की दुकानातली वस्तू परत देऊन दुसरी घेणं.

आणि या ‘उम’पाशी थोडं थांबायला हवं, कारण उरलेली बरीच क्रियापदं या एकाच घरातली आहेत. एका जागेवरून, अवस्थेतून किंवा व्यवस्थेतून दुसरीकडं जाणं त्यात असतं. समजा, नांदेडहून भुसावळला जाताना तुम्ही मनमाडला गाडी बदलली. जर्मनमध्ये गाडी ‘बदलत’ नाहीत, तुम्ही एकीतून उतरून दुसरीत चढता: ‘इश श्टायगं इन मनमाड उम.’ वाक्यात गाडीचा उल्लेखच लागत नाही, ‘उमश्टायगन’मध्ये तो आलाच. घर बदलणं ‘उमत्सीएन’. तिकिटाची तारीख बदलणं ‘उमबूखन’. नवीन घरी गेलात की दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता बदलून घ्यावा लागतो, ते ‘उममेल्डन’. भारतीय लायसन्स तिथं सहा महिनेच चालतं, नंतर जर्मन लायसन्स करून घ्यायची ती प्रक्रिया ‘उमश्रायबन’. आपल्याकडं सातबाऱ्यावर फेरफार ओढतात ना, साधारण तसलं.

‘उमत्सीएन’चा एक चावटपणा लक्षात ठेवा. कपडे बदलण्यालाही हेच क्रियापद, फक्त सोबत ‘झिश’, म्हणजे ‘स्वतःला’, येतं; ‘मी’ असेल तर त्याचं ‘मिश’ होतं. ‘इश बिन उमगेत्सोगन’ म्हणजे मी घर बदललं. ‘इश हाबं मिश उमगेत्सोगन’ म्हणजे मी कपडे बदलले. फरक ‘बिन’ आणि ‘हाबं मिश’ एवढाच. क्लासमध्ये कुणी ना कुणी दर वेळी कपडे बदलायच्या ऐवजी घर बदलून बसतं.

वॉर्डातल्या कामासाठी यातली दोन महत्त्वाची. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस बदलणं, म्हणजे पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळानं वळवणं, ते ‘उमलागर्न’. आणि पेशंटला एका औषधावरून दुसऱ्यावर घेणं, उदाहरणार्थ गोळ्यांवरून इन्सुलिनवर, ते ‘उमश्टेलन’. दोन्हींत जोर ‘उम’वर द्या आणि भूतकाळात मध्ये ‘गे’ घाला: ‘उमगेश्टेल्ट’. ‘गे’ विसरून, जोर पुढं ढकलून ‘उमश्टेल्ट’ म्हणालात तर अर्थ होतो ‘घेरलं’, पोलिसांनी घराला वेढा घालावा तसं. डॉक्टर समजून घेतील म्हणा, पण हसतील.

आता ‘झिश’. इथं मराठी माणूस इंग्रजी माणसाइतकाच फसतो, कारण आपलं ‘बदलणे’ दोन्हीकडं चालतं. ‘त्यानं वेळ बदलली’ आणि ‘वेळ बदलली’, क्रियापद तेच. जर्मनमध्ये कुणीतरी बदललं तर ‘एन्डर्न’, आपोआप बदललं तर ‘झिश एन्डर्न’. पेशंटची तब्येत बदलली हे शिफ्ट बदलताना सांगायचं असेल तर: ‘डेअर त्सूश्टांट हाट झिश फेअरएन्डर्ट.’ ‘फेअरएन्डर्न’ हे ‘एन्डर्न’चं थोरलं भावंड. एखादा मुद्दा, आकडा, तारीख बदलली तर एन्डर्न. माणूस, चेहरा, गाव, एकूण रूपच पालटलं तर फेअरएन्डर्न. पुष्कळदा दोन्ही चालतात, त्यावर फार डोकं शिणवू नका. खरं तर हँडओव्हरमध्ये ‘बदलली’ एवढंच सांगणं कामाचं नाही. सुधारली असेल तर ‘फेअरबेसर्ट’, बिघडली असेल तर ‘फेअरश्लेश्टर्ट’ म्हणा. जर्मन नर्सही तेच म्हणतात.

माझी ‘जुन्याचं काय झालं’ ही कसोटी सगळीकडं पुरत नाही, तेही सांगतो. नाव घ्या. जुनं नाव जाऊन नवं येतं, म्हणजे खरं तर वेक्सल्न हवं, पण सर्रास म्हणतात ‘नामन एन्डर्न’. मत बदलण्याचंही तसंच, ‘मायनुंग एन्डर्न’. शहराचं नाव सरकारी पातळीवर बदललं तर ‘उमबेनेनन’: उस्मानाबादचं धाराशिव झालं ते हे. मात्र ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ यांतला फरक मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात ‘मराठवाडा’ तसंच ठेवून आधी बाबासाहेबांचं नाव आलं, त्याला उमबेनेनन म्हणण्यापेक्षा ‘एरवायटर्न’, म्हणजे वाढवणं, हेच जास्त नेमकं.

शब्दकोशाबद्दल. इंग्रजी-जर्मन कोशात नुसतं ‘चेंज’ शोधू नका. ‘चेंज’च्या पुढं काय आलंय ते आधी बघा: पट्टी, गाडी, तारीख, कपडे, विचार. मग ते जर्मन नाम ‘डूडन’ किंवा ‘डीडब्ल्यूडीएस’ (DWDS) या जर्मन शब्दकोशांच्या फुकट संकेतस्थळावर उघडा. दुसऱ्यात त्या नामासोबत कोणती क्रियापदं जास्त येतात याची यादीच मिळते. वहीत क्रियापद एकटं कधी लिहू नका, नामासकट लिहा.

आता परीक्षेचं. बी१च्या लेखी भागात छोटी औपचारिक ईमेल असते, त्यात भेटीची वेळ बदलायची वेळ बऱ्याचदा येते. तिथं ‘टेर्मीन फेअरशीबन’, म्हणजे भेट पुढं ढकलणं, हे सगळ्यात सरळ. आणि ऐन वेळी काहीच आठवलं नाही तर ‘बदललं’ हा शब्दच टाळा. ‘आंडर्स’ म्हणजे वेगळं. ‘आज कालच्यापेक्षा वेगळं आहे’ असं वाक्य केलंत, ‘हॉयटं इस्ट एस आंडर्स आल्स गेस्टर्न’, तर व्याकरण सोपं राहतं आणि क्रियापद निवडायचा प्रश्नच येत नाही. फक्त तिथं ‘आल्स’च्या जागी ‘व्ही’ लिहू नका. बोलताना अनेक जर्मन ते सर्रास करतात, पण तपासणारे खूण करतात.