जुन्या पॉइंट टू टू रायफलची नळी झिजली आहे की दोष दुसरीकडे आहे, हे कसं ओळखावं?

वडिलांची बोल्टची (हाताने मागे-पुढे ओढायच्या खिट्टीची) रायफल, परवाना आता तुमच्या नावावर, घर गुहागरला समुद्राकाठी. थंडीत सकाळी क्लबच्या रेंजवर बार उडत नाही, ऊन चढलं की बरं चालतं, आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, मधूनच अडकते. यावर कुणीतरी 'नळी बदला' म्हणालं. एवढ्यात बदलू नका. साध्या शिशाच्या गोळीने ही नळी फार सावकाश झिजते. तिचा घात होतो तो गंजाने, नाहीतर पुढच्या तोंडातून साफसफाईचा गज वेडावाकडा घासल्याने.

या काडतुसाचा पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत भरलेला असतो. बोल्टमधली पिन ती कड नळीच्या मागच्या काठावर चेपते, तेव्हा बार उडतो. म्हणून आधी न उडालेल्या काडतुसावरचा खळगा बघा. (बार उडाला नाही तर रायफल निशाण्याकडेच धरून मिनिटभर थांबा, मगच बोल्ट उघडा.)

खळगा उथळ असेल तर पिनचा जोर कमी पडतोय. वडील बोल्टला काय लावायचे ते घरी विचारा. आपल्याकडे खोबरेल हाताशी असतं, तेच लावलं जातं. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि वर्षानुवर्षं साचलं की राळेसारखं चिकट होतं. तुमची सकाळची तक्रार ऐकून मला पहिला संशय याचाच येतो. बोल्ट रॉकेलने धुवा, पूर्ण कोरडा करा, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. तरीही खळगा उथळच आला तर बहुधा पिनची स्प्रिंग थकली आहे.

खळगा खोल असूनही बार उडत नसेल, तर रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा आणि नळीचा मागचा काठ उजेडात तपासा. काडतूस न घालता चाप ओढत राहिलं की काही रायफलींत पिन थेट या काठावर आदळते. तिथे खाच पडते आणि धातू नळीच्या भोकात दबतो. मग काडतुसाच्या कडेला टेकू मिळत नाही आणि आत आलेला धातू पुंगळी धरून ठेवतो. खळग्याच्याच रेषेत पुंगळीवर ओरखडा दिसला तर तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. इथे कानस मुळीच लावू नका, टेकू आणखी जाईल. जाणता कारागीर निमुळत्या कडक सळईने तो धातू परत जागेवर दाबतो.

पुंगळीची कड फुगलेली किंवा फाटलेली दिसली तर मात्र त्या क्षणी गोळीबार बंद. बोल्ट आणि काठ यांमधली जागा जेमतेम १.१ मिमी असते. ती वाढली का, हे गेजनेच, म्हणजे अंतर मोजायच्या मापानेच, कळतं.

साफसफाई तुम्ही करा, दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. जाताना खळगा आणि ओरखडा दिसणाऱ्या पुंगळ्या त्याला दाखवा, निम्मं निदान तिथेच होईल. आणि पावसाळ्यात रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नका. खाऱ्या हवेतला दमट ओलावा चामडं धरून ठेवतं आणि नळी खरी तिथे खराब होते.