वाचकांचे प्रश्न : सिस्टरने स्वतःच्या अधिकारात काय करावं?

प्रश्न : परळच्या एका रुग्णालयात अकरा वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे. रात्री दोन वाजता पेशंटची रक्तातली शुगर ५२, म्हणजे फारच कमी, येते. आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) दुसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात. फोनवर म्हणतात, "सिस्टर, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) द्या, मी येऊन लिहितो." सकाळपर्यंत ते लिहायचं राहून जातं. असं काम आम्ही आमच्या अधिकारात करू शकत नाही का?
– स्टाफ नर्स, परळ

उत्तर : काम तुम्ही करताच आहात, पण त्यामागे कागद नाही. उद्या काही बिघडलं तर केस पेपरवर तुमच्या हातची नोंद सापडेल आणि ऑर्डर कुणाची होती याचा पत्ता लागणार नाही. यावर उपाय स्टँडिंग ऑर्डरचा. कोणत्या पेशंटला काय झालं तर सिस्टरने कुणासाठी न थांबता काय करायचं, हे कन्सल्टंटने (तज्ज्ञ डॉक्टरने) आधीच लिहून ठेवायचं. त्यावर त्यांची, वैद्यकीय अधीक्षकांची आणि मेट्रनची (मुख्य परिचारिकेची) सही हवी. ही ऑर्डर ज्यांनी अमलात आणायची त्या सिस्टरांची यादी सोबत जोडायची आणि वर्षातून एकदा सगळं तपासून नव्याने सह्या करायच्या.

'शुगर कमी झाल्यास डेक्स्ट्रोज द्यावे' एवढ्यावर भागत नाही. आकडे हवेत. शुगर ७०च्या खाली, पेशंट शुद्धीवर आणि नीट गिळतो आहे, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून तोंडाने. शुद्ध हरपली असेल किंवा तोंडाने काही द्यायचं नसेल, तर चालू इन्सुलिन थांबवायचं, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून द्यायचं, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज जातं, आणि त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरने डॉक्टरांना फोन लावायचा. दोन्ही वेळा १५ मिनिटांनी पुन्हा शुगर. दोनदा देऊनही ती ७०च्या वर आली नाही तर डॉक्टरांनी बेडपाशी यायलाच हवं. 'इथे थांबा आणि बोलवा' ही ओळ ज्या ऑर्डरमध्ये नाही, ती तुम्ही स्वीकारू नका. इन्सुलिन पुन्हा कधी सुरू करायचं तेही डॉक्टरच ठरवतील. टाइप १च्या पेशंटचं इन्सुलिन तासन्तास बंद राहिलं तर रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं साचतात.

चुका ठरलेल्या जागी होतात. ज्या बोटाला ग्लुकोजची पावडर लागली आहे, किंवा ज्या हाताला डेक्स्ट्रोज चालू आहे, तिथलंच रक्त घेतलं की आकडा फसवा, वाढीव येतो. कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) शिरेबाहेर सरकलेली असेल तर घट्ट डेक्स्ट्रोजने कातडी जळते, म्हणून आधी रक्त मागे येतं का पाहा आणि सलाइनने फ्लश करा. पेशंट ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर एकदा सुधारलेली शुगर काही तासांनी पुन्हा घसरते. अशा पेशंटची शुगर पुढेही तासातासाला बघत राहा.

स्टँडिंग ऑर्डर होईपर्यंत तोंडी ऑर्डर घेताना ती ऐकता ऐकता लिहा, डॉक्टरांना परत वाचून दाखवा, शेजारच्या सिस्टरला ऐकायला लावा. नोंद अशी हवी : "२.१० शुगर ५२, घाम, हाकेला ओ नाही. २.१२ फोनवर ऑर्डर, डॉक्टरांचं नाव. २.१५ डी-२५ (२५ टक्के डेक्स्ट्रोज) १०० मिली दिलं. २.३० शुगर ११८."

प्रश्न : बीएस्सी नर्सिंग झालं आहे, सायनला नोकरी करते. क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स केल्यावर मला स्वतः प्रिस्क्रिप्शन लिहिता येईल का?
– वाचक, कुर्ला

उत्तर : बाहेरच्या केमिस्टकडे चालेल असं प्रिस्क्रिप्शन, नाही. १९४५च्या औषध नियमांनुसार शेड्यूल एचची (चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीतली) औषधं नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळतात. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला हा दोन वर्षांचा एमएस्सी रेसिडेन्सी अभ्यासक्रम आहे. बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि बहुतेक वेळ वर्गाऐवजी आयसीयूत जातो. तो पूर्ण करून नोंदणी झालेल्या सिस्टरने रुग्णालयाच्या प्रोटोकॉलमध्ये बसणारी औषधं द्यावीत, व्हेंटिलेटरच्या सेटिंगमध्ये ठरलेले बदल करावेत, अशी कल्पना आहे. इंग्लंडमध्ये वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेस २००६पासून जवळपास सगळी औषधं स्वतः लिहून देतात. आपल्याकडे २०२३मध्ये परिचर्या आणि प्रसूतिसेवेसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, पण वेगळं पद आणि लेखी अधिकार नसतील तर दोन वर्षं शिकून मुलगी पुन्हा स्टाफ नर्सच्याच ड्युटीवर जाते. हे आम्हाला मनापासून चुकीचं वाटतं. म्हणून प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा : शिकवणारा कन्सल्टंट रोज राउंडला बरोबर घेतो का, व्हेंटिलेटरचे बेड किती, आणि आधीच्या बॅचच्या मुलींना कोणत्या पदावर, काय लिहून देऊन घेतलं. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जादा पात्रतेची नोंद करून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : माझी बहीण पालघर जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आहे. झटके आलेल्या बाळंतिणीला तिने डॉक्टर नसताना इंजेक्शन दिलं. तिच्यावर ठपका येईल का?
– वाचक, भांडुप

उत्तर : ते मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे झटके रोखणारं औषध, असेल आणि तिचं कुशल प्रसूतीचं प्रशिक्षण झालं असेल, तर सरकारी सेवेत ही मुभा तिला आहेच. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिला डोस एएनएमनेच द्यायचा आहे : ५० टक्क्यांचं द्रावण, प्रत्येक कुल्ल्यात १० मिली, खोलवर. अँप्युल २ मिलीची असते, म्हणजे एकूण दहा फोडाव्या लागतात. घाईत पाचच फोडल्या जातात, त्यामुळे आधी दहा मोजून ट्रेमध्ये मांडाव्यात. सर्वांत घातक चूक म्हणजे डोस न देताच बाईला अँब्युलन्समध्ये चढवणं. तिला रेफर चिठ्ठीवर औषध, मात्रा आणि वेळ ठळक लिहायला सांगा. पुढच्या रुग्णालयात ती ओळ दिसली नाही तर तोच डोस दुसऱ्यांदा दिला जाऊ शकतो, आणि मग बाईचा श्वास मंदावतो.