फोन प्रोग्रॅमनेच उचलावा
फोनवरून लोकांनी जोडून यायचा बुलेटिन बोर्ड (बीबीएस) चालवायचा, तर आधी एटीएस०=० ही आज्ञा देऊन मोडेमचं, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राचं, आपोआप फोन उचलणं बंद कर. मोडेमकडून ‘रिंग’ आली की तुझ्या प्रोग्रॅमनेच एटीए, म्हणजे फोन उचलायची आज्ञा, पाठवावी, आणि मग अगदी गप्प राहावं! दोन मोडेमचे सूर जुळत असताना प्रोग्रॅमकडून एक अक्षर जरी मोडेमकडे गेलं तरी कॉल तुटतो. म्हापशात माझे पहिले दोन आठवडे याच चुकीत गेले. जोडणी झाल्याची ‘कनेक्ट’ ही ओळ मोडेमकडून येईपर्यंत ५०-६० सेकंद वाट बघ, मगच बोर्ड सुरू कर.

एटी&सी१ आणि एटी&डी२ या आज्ञाही हव्यातच. पहिल्यामुळे समोरचा गेल्याचं कळतं, दुसऱ्यामुळे डीटीआर (संगणक तयार असल्याचा मोडेमला जाणारा संकेत) सोडताच लाइन सुटते. नाहीतर फोन रात्रभर अडकेल. आणि मिरगाच्या गडगडाटात बाबा, टेलिफोनची वायर काढूनच ठेव. विजेने मोडेम जळालेला मी पाहिलाय.