आईचा गॅस चालू का राहतो?

"आईनं भूकंप सोसलाय. आता ती विसरायलीय. म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणारच का?"

लातूरला समुपदेशन करताना हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जी माणसं ऐन चाळिशीत होती, ती आता सत्तरीत आहेत.

मालनबाई त्यांतल्याच. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) त्या पहाटे माळवद कोसळून नवरा आणि धाकटी लेक गेली. अकरा वर्षांचा मुलगा हाताला लागला. आता त्याच्याच फ्लॅटमध्ये राहतात. घरच्यांची तक्रार अशी: गॅस चालू सोडतात, नातीला गेलेल्या लेकीच्या नावानं हाक मारतात, आणि रात्री पलंग सोडून दाराशी चटई टाकतात. उशाशी बॅटरी आणि चपला. सून रोज चपला उचलून बाहेर ठेवायची, आजी रोज परत आणायच्या.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "त्या रात्री काय झालं?" त्या वर छताकडे बघत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर दोन आठवडे आल्याच नाहीत. घाई माझीच नडली.

तिसऱ्या भेटीत त्या आपणहून बोलल्या. "आधी फळीवरची भांडी वाजली बघा. मग आवाज झाला. आता शेजारी ती मशीन चालली की तवा हलतो. मग मला थांबवत नाही, दाराकडं पळते." शेजारच्या प्लॉटवर इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं. म्हणजे गॅस विसरून राहत नव्हता. तो सोडून त्या जीव वाचवायला धावत होत्या, आणि घरात त्याची नोंद 'विसरल्या' अशी होत होती.

सगळंच असं सुटलं नाही. स्मरणचाचणीत पाच शब्दांपैकी दोनच आठवले. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, त्यानंही विसरायला होतं. शिवाय झोप लागत नाही म्हणून मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळ्या कित्येक महिने चालू होत्या. म्हातारपणी या गोळ्यांनी स्मृती आणखी धूसर होते, तोल जातो. मनाने सुरू करू नयेत, आणि मनाने एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी केल्या. त्यांचं निदान 'सौम्य स्मृतिदोष' असं होतं, डिमेन्शिया नव्हे.

आता मूळ प्रश्न. आघातानंतरचा दीर्घ ताण, म्हणजे पीटीएसडी, आणि डिमेन्शिया यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. अमेरिकेत पंचावन्न वर्षांपुढच्या १ लाख ८१ हजार माजी सैनिकांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पीटीएसडी असलेल्यांपैकी १०.६ टक्के लोकांना डिमेन्शिया झाला, नसलेल्यांपैकी ६.६ टक्के. धोका वाढतो, हे खरं. पण त्याच आकड्यात हेही आहे की पीटीएसडी असलेल्या दहांतल्या जवळपास नऊ जणांना त्या काळात तो झाला नाही. तुटक झोप, सतत सावध असलेलं शरीर, उदासी, माणसांत न मिसळणं, यांतलं नेमकं काय किती भर घालतं ते वेगळं काढणं अवघड असतं. उलट बाजूही आहे: मेंदू थकू लागला की आजवर दाबून ठेवलेली भीती वर येते. त्यामुळे सत्तरीत अचानक वाईट स्वप्नं सुरू झाली तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. आणि गोंधळ दोन-चार दिवसांतच सुरू झाला असेल तर आधी डॉक्टर गाठा, त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो.

आम्ही काय केलं? चटई दाराशीच राहू दिली, चपलांसकट. खोदकामाच्या वेळा साइटवर विचारून त्यांना आधीच सांगायला सुरुवात केली. आघाताची गोष्ट थोडी थोडी, त्यांच्या गतीनं. सात महिन्यांनी त्या पाचपर्यंत झोपतात. नातीचं नाव अजून कधीकधी चुकतं. मला ते दरवेळी चुकतंच असं वाटत नाही, पण तो माझा अंदाज.

शेवटच्या भेटीत मुलगा दारात रेंगाळला. "मॅडम, मीपण त्या ढिगाऱ्याखाली होतो. मला काही होईल का?" त्याला पुढच्या बुधवारची वेळ दिली आहे.