बॅटरीच्या तीन हजार चार्ज-सायकल विकत घेऊन वर्षाला तीसच वापरणार?

तुम्ही लिहिता की कॅम्परव्हॅनमध्ये फ्रिज, दिवे, पंखा आणि इंडक्शन शेगडी चालावी म्हणून २०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम बॅटरी, ४०० वॅटची सोलर पॅनल आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर घ्यायचा आहे. वर्षाला तीसेक रात्री व्हॅनमध्ये काढता. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडू का, असा प्रश्न आहे.

मोडू नका. ठेवीला हात न लावताही तुमची हौस भागेल.

‘लिथियम शेवटी स्वस्तच पडते’ हे रोज वापरणाऱ्याच्या बाबतीत खरं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २००० ते ३००० सायकल (एक सायकल म्हणजे एकदा चार्ज होऊन उतरणं) सहज देते, स्वस्तातली एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी) काही शेच. पण वर्षाला ३० रात्री धरल्या तर ३००० सायकल संपायला १०० वर्षं लागतील! बॅटरी त्याच्या कितीतरी आधी वयानेच थकेल. जे आयुष्य वापरणारच नाही, त्याचे पैसे तुम्ही आज मोजताय.

आता गरज पाहू. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातला एक तृतीयांश वेळ चालला तर ३६० वॅट-तास. दिवे, पंखा, फोन मिळून १५० धरा. एकूण ५१०, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ४३ एएच. एजीएम निम्म्याखाली उतरवायची नाही हे पाळूनही १०० एएचची बॅटरी एका दिवसाला पुरते, आणि चांगलं ऊन असेल तर २०० वॅटचं पॅनल तेवढं भरून काढतं.

खरा खर्च वाढवतेय ती शेगडी. २००० वॅट ओढायचे तर १२ व्होल्टला १६५ अँपिअरच्या वर करंट लागतो. मग बॅटरी मोठी, इन्व्हर्टर मोठा, केबल बोटाएवढी जाड. व्हॅनची खिडकी उघडी ठेवून गॅसवर स्वयंपाक करा. निम्मं कोटेशन तिथेच गळेल.

केबल आणि फ्यूजमध्ये मात्र काटकसर नको. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका जोडप्याने बारीक वायर वापरली होती. फ्यूज होल्डरचं प्लास्टिक वितळून वायरला चिकटलेलं मी स्वतः पाहिलंय. मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलला जमेल तितका लागून हवा.

पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर लिथियमचं सेटिंग असलेला एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) घ्या. पुढे व्हॅनमध्येच राहायला लागलात, तर एजीएम काढून त्या जागी लिथियम बसवता येईल. दोन्ही एकत्र जोडू नका. शेगडी वगळून नवं कोटेशन मागवा आणि आकडे मला कळवा.